गोष्ट कुठून सुरू होते?

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातशी संबंधित २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. हे गुन्हे अहमदनगर जिल्ह्यात नोंदवलेले होते. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी निकालपत्रात माध्यमांवर थेट बोट ठेवले. मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत मोठा अपप्रचार झाला आणि देशात कोरोना त्यांच्यामुळेच पसरला असे चित्र उभे करण्याचा प्रयत्न झाला, असे त्यांनी म्हटले. संकटाच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, हेही त्यांनी नोंदवले.

आता एक साधा प्रश्न. त्या एप्रिलमधल्या टीव्हीवरच्या चर्चा, 'कोरोना जिहाद' हा हॅशटॅग, मुसलमान भाजीवाल्याला गल्लीत येऊ न देणारे व्हिडिओ हे सगळे आपल्या लक्षात आहे. आपल्या वर्गमित्रांच्या, ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्याही लक्षात आहे. ऑगस्टमधला निकाल त्यांच्यापैकी किती जणांना माहीत आहे? निकाल बातमी म्हणून आला आणि गेला. गोष्ट मात्र आधीच सांगून झाली होती.

अशा वेळी आपली तक्रार ठरलेली असते: 'मीडिया आमची प्रतिमा बिघडवतो.' तक्रार खरी आहे, पण अपुरी आहे. माध्यमांचा अभ्यास करणारे लोक चार शब्द वापरतात: प्रेक्षक, जॉनर, चित्रण आणि कथन. आपण यातल्या फक्त चित्रणावर भांडतो. पडद्यावर मुसलमान कसा दिसला, टोपी होती का, सुरमा होता का. पण तो तसा का दिसतो हे उरलेल्या तीन गोष्टी ठरवतात. कोणासाठी सांगितले जाते आहे, कोणत्या साच्यात सांगितले जाते आहे आणि गोष्ट कुठून सुरू केली आहे, हे पाहिल्याशिवाय चित्र बदला म्हणणे म्हणजे प्रोग्राम तोच ठेवून आउटपुट बदला म्हणणे.

आधी साचा पाहू. हिंदी सिनेमात 'मुस्लिम सोशल' नावाचा जॉनरच होता. 'चौदहवीं का चाँद' (१९६०), 'मेरे मेहबूब' (१९६३), 'पाकीजा' (१९७२) हे त्याचे ठळक नमुने. नवाबी हवेल्या, शेरवानी, मुशायरा, तवायफ, पडद्याआडची नायिका. हे चित्रण द्वेषाचे नव्हते, उलट त्यात कौतुकच होते. तरीही त्याने एक गोष्ट पक्की केली. मुसलमान म्हणजे लखनवी उर्दू बोलणारा, जुन्या काळात अडकलेला माणूस. मंडईत गाळा लावणारा बागवान, पानाच्या टपरीवरचा तांबोळी, मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कामगार, रत्नागिरीच्या बंदरावरचा कोकणी मुसलमान या साच्यात मावतच नव्हता. नव्वदच्या दशकात साचा बदलला. 'रोजा' (१९९२) नंतर दहशतवादाचा थरारपट आला आणि मुसलमानासाठी दोन जागा उरल्या: बंदूक घेतलेला, किंवा निष्ठा सिद्ध करत फिरणारा. 'सरफरोश' (१९९९) मधला इन्स्पेक्टर सलीम आठवा. तो प्रामाणिक आहे, धाडसी आहे, पण त्याच्या वाट्याला आलेला प्रश्न एकच आहे: तू आमचा आहेस ना?

म्हणूनच 'चांगला मुसलमान दाखवा' या मागणीत एक फसगत आहे. चांगला म्हणजे शहीद झालेला, तिरंग्यासाठी धावणारा, सगळ्यांना माफ करणारा. बाकीच्यांना नुसते असण्याचा हक्क मिळतो, आपल्याला तो कमवावा लागतो. या पार्श्वभूमीवर 'सैराट' (२०१६) मधला सल्या मला महत्त्वाचा वाटतो. तो सलीम आहे, परश्याचा जिवलग दोस्त आहे, त्याच मातीतली मराठी बोलतो, मैत्रीपायी मारही खातो. त्याच्याकडून कोणी प्रमाणपत्र मागत नाही. तो नायक नाही, ही मर्यादा आहेच. तरी महाराष्ट्रातला मुसलमान तरुण कसा बोलतो, हे मोठ्या पडद्यावर लाखो लोकांनी ऐकले.

आता प्रेक्षक. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुसलमान आहेत, लोकसंख्येच्या साडेअकरा टक्के. त्यातले कितीतरी जण रोज मराठी वर्तमानपत्र वाचतात. पण ते वर्तमानपत्र त्यांना वाचक धरते का? रमजानमधल्या पुरवण्या पाहा. मोहम्मद अली रोडवरचे कबाब, मालपुवा, फिरनी आणि 'शीरखुर्मा म्हणजे काय' याची चौकट. लेख प्रेमाने लिहिलेला असतो, पण तो आपल्याबद्दल असतो, आपल्याशी बोलत नाही. 'मराठी माणूस आणि मुस्लिम समाज' अशा शीर्षकातला 'आणि' तेच सांगतो. मराठी माणूस हाच मुसलमान असू शकतो, ही शक्यता त्या वाक्यात धरलेलीच नसते.

प्रेक्षक म्हणजे निमूट बसलेला जमाव नव्हे, हे स्टुअर्ट हॉल या जमैकात जन्मलेल्या, ब्रिटनमध्ये घडलेल्या अभ्यासकाने १९७३ साली मांडले. सांगणारा एक अर्थ भरून पाठवतो. ऐकणारा तो जसाच्या तसा घेतो, थोडा घेऊन थोडा नाकारतो, किंवा पूर्ण उलटा वाचतो. उलटे वाचणे आपल्याला आपोआप जमते. पण आपला शेजारी, आपला घरमालक, मुलाखत घेणारा मॅनेजर तो अर्थ कसा वाचतो यावर आपल्याला फ्लॅट मिळणार की नाही हे ठरते. म्हणून हा विषय कॉलेजच्या पेपरापुरता नाही.

सर्वात महत्त्वाचे चौथे: कथन. कोणतीही गोष्ट सगळे ठीक असताना सुरू होते, काहीतरी बिघडते आणि शेवटी घडी पुन्हा बसते. सुरुवात कुठे ठेवायची हे सांगणारा ठरवतो आणि त्यातूनच खलनायक ठरतो. मालेगावचे उदाहरण घ्या. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले, तीसहून अधिक लोक गेले. त्यानंतर अटक झाली ती नऊ मुसलमानांना. ज्या समाजातली माणसे मेली त्याच समाजातली माणसे आरोपी ठरली. अटक ही त्या गोष्टीची 'घडी बसणे' होती: गुन्हेगार सापडले, समाप्त. प्रत्यक्षात त्यांना जामीन मिळायला २०११ उजाडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. हीच गोष्ट अटकेऐवजी कब्रस्तानात फातिहा पढायला गेलेल्या माणसापासून सुरू केली असती, तर ती कुठे जाऊन थांबली असती?

आणि त्याच मालेगावात, त्याच वर्षांत, आणखी एक गोष्ट घडत होती. नासिर शेख आणि त्यांचे मित्र तुटपुंज्या पैशांत सिनेमे काढत होते. २००० साली 'मालेगाव के शोले', पुढे यंत्रमागावर काम करणाऱ्या एका किडकिडीत तरुणाला घेऊन 'मालेगाव का सुपरमॅन'. फैझा अहमद खान यांनी २००८ च्या माहितीपटात तो सगळा खटाटोप टिपला. या सिनेमांचा प्रेक्षक गावातलाच, शुक्रवारी यंत्रमाग बंद असताना तिकीट काढणारा. त्यामुळे विनोद त्याचे, बोली त्याची, आणि कोणालाही काही सिद्ध करून दाखवायचे नव्हते. त्या काळात उरलेल्या महाराष्ट्रासाठी मालेगाव म्हणजे स्फोट. गावासाठी मालेगाव म्हणजे सुपरमॅनसुद्धा. गाव एकच, फरक सांगणाऱ्याचा.

हीच चार हत्यारे आपण स्वतःकडेही वळवली पाहिजेत. आपल्या ग्रुपवर फिरणारा व्हिडिओ कुठल्या देशातला, कुठल्या सालचा, हे न पाहता पुढे पाठवणे हेही कथनच आहे, आणि त्यात खलनायक तितक्याच आळसाने ठरवलेला असतो. आपल्या कार्यक्रमांच्या मंचावर कोण बसते? तांबोळी, पिंजारी, मुलाणी, खाटीक यांच्या घरातले किती? बाई बोलायला उभी राहते ती फक्त तलाक आणि हिजाबवर, की पाणीपट्टी आणि शाळेवरही? बाहेरच्यांनी आपल्याला एकाच रंगात रंगवले म्हणून चिडायचे आणि आपणही आपल्याच लोकांना त्याच रंगात रंगवायचे, हे चालणार नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. फीड ठरवणाऱ्या प्रणालीला खरे-खोटे कळत नाही. अंगठा कुठे थांबला, कमेंट कुठे आली, शेअर कुठे झाला, एवढेच ती मोजते. द्वेषाची पोस्ट 'बघा किती नीच आहेत' म्हणून आपण शेअर करतो, तेव्हा तिच्या हिशेबात ती पोस्ट यशस्वी असते. संताप व्यक्त करायचाच असेल तर स्वतःचा मजकूर लिहा, त्यांचा पसरवू नका.

ब्रिटनमध्ये अभिनेता रिझ अहमद यांच्या २०१७ च्या संसदेतल्या भाषणावरून 'रिझ टेस्ट' तयार झाली. मुसलमान पात्र दहशतवादाशी जोडलेले आहे का? विनाकारण चिडलेले? अंधश्रद्ध आणि मागास? पाश्चात्त्य जीवनपद्धतीला धोका म्हणून उभे केलेले? पुरुष असेल तर बाईला तुच्छ मानणारे, बाई असेल तर दबलेली? एका जरी प्रश्नाचे उत्तर 'हो' आले तर ती कलाकृती नापास. ही कसोटी बरी सुरुवात आहे. आपण तिला आणखी तीन प्रश्न जोडू: हे कोणासाठी सांगितले आहे, कोणत्या साच्यात, आणि सुरुवात कुठे ठेवली आहे?

आणि प्रश्न विचारून थांबू नका. वर्तमानपत्राच्या बातमीवर आक्षेप असेल तर संपादकाला लिहा, दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिलकडे जाता येते. टीव्हीसाठी आधी त्या वाहिनीकडे, प्रसारणापासून सात दिवसांच्या आत, लेखी तक्रार द्यावी लागते. समाधान झाले नाही आणि वाहिनी सदस्य असेल, तर पुढे एनबीडीएसएकडे. तक्रारीत 'भावना दुखावल्या' हे लिहू नका. तारीख, वेळ, नेमके वाक्य आणि चूक काय ते लिहा. एखाद्याच्या अटकेची बातमी पहिल्या पानावर आली असेल, तर त्याच्या सुटकेची बातमीही तिथेच यावी, अशी मागणी करा.

पण तक्रार ही शेवटी दुसऱ्याच्या गोष्टीवरची टीप असते. आपली गोष्ट आपल्यालाच सांगावी लागेल, आणि ती मराठीत सांगावी लागेल. शाहीर अमर शेख बार्शीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने भरली, तेव्हा हा आवाज 'त्यांचा' की 'आपला' असा प्रश्न त्या मैदानांना पडला नव्हता. तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेची, आजीच्या दखनी-मराठी मिसळीची, बंद पडलेल्या मागाची, पहिल्या नोकरीची गोष्ट लिहा. त्यात कोणाला पटवून देण्याची घाई नको आणि कोणाची भीती नको. सुरुवात कुठे ठेवायची, ते तुम्ही ठरवा.