बंपरची चकाकी आणि कारागिराचा श्वास

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात जन्मलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सी-ताफ्यातून बाद झाली. हौशी मालकांनी जपलेल्या फियाट व पद्मिनी गाड्या मात्र उपनगरांत अजून दिसतात. त्यांचा पोलादी बंपर चेपला की मालकाचा पहिला प्रश्न असतो, "स्वस्तात किती?"

आमच्या मते चूक इथेच होते. क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंज अडवतो तो त्याखालचा निकेलचा थर. जुना मुलामा उतरवणे, पोचा ठोकून काढणे, बारीक खड्डे तांब्याच्या थराने भरून घासणे, मग निकेल आणि शेवटी क्रोम, अशी ही रीत आहे. भाव पाडला की निकेलला कात्री लागते. पुढे पावसाळ्यात बंपरला फोड येतात आणि बदनाम होतो कारागीर.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच. क्रोमच्या हौदावरून उडणाऱ्या तुषारांत विषारी क्रोमियम असते. त्याने नाकाच्या पडद्याला भोक पडते, फुफ्फुसाचा कर्करोगही होतो. म्हणून हातमोजे, मास्क, हौदावरचा हवा ओढणारा पंखा आणि सांडपाण्याची प्रक्रिया यांचा खर्च मजुरीत धरलाच पाहिजे. कारखानदार बांधवांनी तो स्पष्ट सांगून घ्यावा, ग्राहकांनी घासाघीस न करता द्यावा.

बंपर पुन्हा चकाकेल, पण गेलेली फुफ्फुसे परत मिळत नाहीत. रोजी कमावताना जीव गमावण्याची पाळी कुणावरही येऊ नये.