आवाज येतो, चित्र दिसत नाही!



मागील महिन्यात आमच्या वस्तीतील एक ताई मुलाला घेऊन घरी आल्या. थोरल्या लेकीच्या लग्नात मुलांच्या वडिलांनी पाहुण्यांपुढे चार शब्द सांगितले होते. भाच्याने ते मोबाईलवर टिपून ठेवले. लग्नानंतर दोन महिन्यांत वडील गेले. आता घरात त्यांचा चालता-बोलता ठेवा एवढाच. मुलाने तो जुन्या, सेकंडहँड घेतलेल्या कॉम्प्युटरवर घातला, तर आवाज येई, पण पडदा काळा!

मुलाने इंटरनेटवर शोधले. "कोडेक टाका, मोफत मिळेल" असे लिहिलेले जे पहिले दिसले त्यावर बोट दाबले आणि प्रत्येक वेळी "नेक्स्ट, नेक्स्ट" करीत गेला. चित्र काही दिसले नाही. उलट पडद्यावर जाहिराती नाचू लागल्या, इंटरनेट उघडले की भलतेच पान येऊ लागले आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो दोष आहेत, पैसे भरा" असे सांगणारा एक पाहुणा ठाण मांडून बसला. दुकानदार म्हणाला, "सगळे पुसून नव्याने टाकावे लागेल." ताई घाबरल्या. सगळे पुसायचे म्हणजे तो आवाजही पुसायचा! कारण मोबाईल एव्हाना विकलेला होता.

सांगायचा मुद्दा असा की, ती चित्रफीत बिघडलेली नव्हतीच. मग झाले काय होते?

गोधडी पेटीत ठेवायची तर आपण तिची घडी घालतो, नाहीतर ती मावणार नाही. व्हिडिओचेही तसेच. तो आहे तसा साठवला तर फार जागा खातो, म्हणून मोबाईल त्याची घडी घालतो. पाहताना कॉम्प्युटरला ती घडी उलगडावी लागते. घडी घालण्याची आणि उलगडण्याची ही रीत म्हणजे कोडेक. एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय ही नावे नुसत्या पेटीची आहेत. पेटी तीच, पण आतली घडी निराळी असू शकते. म्हणून फाईलचे नाव बदलून काही उपयोग होत नाही. अलीकडचे बरेच मोबाईल एचईव्हीसी नावाची घडी घालतात. आयफोनमध्ये ती २०१७ पासून आहे. आवाजाची घडी वेगळी असते, ती कॉम्प्युटरला ठाऊक होती. चित्राची ठाऊक नव्हती. एवढीच गोष्ट!

पण या एवढ्याशा अडचणीवर काहींनी धंदा मांडला आहे. २००५-०६ च्या सुमारास झ्लॉब नावाचा घातक प्रोग्रॅम "व्हिडिओ पाहण्यासाठी हे कोडेक हवे" अशी थाप मारूनच लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरत असे. दुसरा प्रकार साळसूद दिसणारा. तुम्ही मागितलेल्या वस्तूबरोबर दोन-तीन न मागितलेल्या वस्तू बांधून द्यायच्या. तशी एकेक वस्तू तुमच्याकडे शिरली की देणाऱ्याला पैसे मिळतात. सोर्सफोर्ज हे एके काळी भरवशाचे ठिकाण. पण २०१५ साली तेथे गिम्प या चित्रांच्या मोफत प्रोग्रॅमला असेच शेपूट जोडलेले आढळले आणि मोठा गवगवा झाला. पुढे २०१६ मध्ये नव्या मालकांनी ती पद्धत बंद केली. म्हणून नाव मोठे आहे एवढ्यावर भुलू नये.

मग करावे काय? बहुतेक घरांना सुटे कोडेक घेण्याची गरजच नाही. व्हीएलसी नावाचा प्लेअर घ्यावा. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून तो उभा राहिला. २००१ पासून तो सर्वांसाठी खुला व मोफत आहे. त्यात जाहिराती नाहीत आणि बहुतेक सर्व घड्या उलगडण्याची सोय आतच असते.

तो घेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) सर्वप्रथम चित्रफितीची एक प्रत पेनड्राईव्हवर घ्या. बाकी सारे नंतर.

२) शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीवर बोट दाबू नका. व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग हा पत्ता इंग्रजीत स्वतः टाईप करा. फेब्रुवारी २०२२ च्या सुमारास हे संकेतस्थळ आपल्या देशात बंद केले गेले होते. कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. पुढचे दार बंद दिसले की माणूस आडवाटेने जातो आणि नेमका तिथेच फसतो. आज आडवाटेचे कारण उरलेले नाही.

३) प्रोग्रॅम टाकताना विंडोज परवानगी मागते. त्या चौकटीत प्रकाशक म्हणून व्हिडिओलॅन हेच नाव हवे. "अज्ञात" दिसले तर "नो" म्हणा.

४) कोणताही प्रोग्रॅम टाकताना "कस्टम" हा पर्याय निवडा. आधीच केलेल्या बरोबरच्या खुणा वाचा, नको त्या काढा. नकाराचे बटण मुद्दाम फिकट रंगात ठेवलेले असते, ते शोधा.

५) विंडोजचाच प्लेअर हवा असेल तर एचईव्हीसीची जोड मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच घ्या. तिला थोडे पैसे पडतात.

६) व्हिडिओ म्हणून आलेल्या फाईलच्या शेवटी ईएक्सई असेल तर ती उघडू नका. तो व्हिडिओ नव्हे.

घोटाळा आधीच झाला असेल तर लगेच सगळे पुसायला देऊ नका. सेटिंगमध्ये प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावा. त्या दिवशी आलेले अनोळखी पाहुणे काढून टाका. ब्राऊझरमधील जोडण्या तपासा. मग विंडोज सिक्युरिटीत पूर्ण तपासणी लावा. त्या काळात बँकेचे काम त्या कॉम्प्युटरवर केले असेल, तर पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.

ताईंच्या घरी आम्ही हेच केले. पेनड्राईव्हवर प्रत घेतली, पाच पाहुणे हाकलले, मग व्हीएलसी टाकला. पडद्यावर वडील उभे राहिले आणि म्हणाले, "माझी लेक शिकलेली आहे, तिला पुढेही शिकू द्या." ताई काही बोलल्या नाहीत. मुलगा मात्र हळूच म्हणाला, "काका, मी वाचलेच नव्हते हो, नुसते नेक्स्ट दाबत गेलो."

पोरा, चूक तुझ्या एकट्याची नाही. कागद न वाचता अंगठा उठविल्याने आपल्या आज्यापणज्यांच्या जमिनी गेल्या. पडद्यावरचे "नेक्स्ट" हाही अंगठाच आहे. वाचल्याशिवाय तो उठवू नये.