माळ बघायला या, पण माळाचा धनी कोण ते विचारा



थंडी पडली की शहरातल्या गाड्या आपल्या माळावर दिसू लागतात. गळ्यात दुर्बीण, हातात हातभर लांब कॅमेरा. कोणाला लांडगा बघायचा असतो, कोणाला खोकड, कोणाला मध्य आशियातून हिवाळ्यापुरता येणारा भोवत्या. कोणाला नुसती शांतता पाहिजे असते. येऊ द्या. सरकारी दप्तरात जिला पडीक म्हणतात ती जमीन बघायला माणसे पैसे मोजतात, याचे आम्हाला वाईट वाटत नाही. 2024 साली वनखात्याने इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ सफारीही सुरू केली.

पण पाहुण्याला कोणी सांगत नाही की हा माळ राखला कोणी.

1979 साली सरकारने सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात माळढोक अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र किती? सुमारे 8,500 चौरस किलोमीटर! त्यात वनखात्याची जमीन नखाएवढी, बाकी सगळी गावे, वस्त्या आणि कुणब्याची शेते. वन्यजीव कायद्याचे 20 वे कलम सांगते की अधिसूचना निघाली की वारसाहक्क सोडून त्या जमिनीवर नवा हक्क कोणाला मिळत नाही. म्हणजे पोरीच्या लग्नाला एकर विकायचा तरी अडचण. जमीन आमची, सात-बारा आमचा, आणि नकाशावर शिक्का पक्ष्याचा. ही चूक निस्तरायला 2012 साल उजाडले. तेव्हा क्षेत्र सुमारे 1,200 चौरस किलोमीटरवर आले. तेहतीस वर्षे गेली. शेतकऱ्याला त्या वर्षांची भरपाई कोणी दिली?

आणि पक्षी तरी वाचला का? आज देशात दीडशेच्या आत माळढोक उरले, बहुतेक राजस्थानात. नान्नजला आता तो दिसला तर नशीब.

अमेरिकेतही असेच मोठे माळ आहेत, त्यांना प्रेअरी म्हणतात. तिथल्या सरकारने फुकट जमीन देऊन शेतकऱ्याला तो माळ नांगरायला लावला. 1930 च्या दशकात दुष्काळ पडला, माती आभाळात उडाली, शेतकरी देशोधडीला लागला. तेव्हा सरकारने बुडालेल्या जमिनी पैसे मोजून विकत घेतल्या आणि पुन्हा गवत लावले. त्यातलेच राष्ट्रीय गवताळ प्रदेश 1960 पासून आहेत. तिथे लोक रानगवे आणि हरणे बघायला, मोकळ्यावर तंबू ठोकायला जातात, आणि त्याच गवतावर आसपासचे पशुपालक परवाना घेऊन गुरे चारतात. (त्या आधी तो मुलूख तिथल्या मूळ टोळ्यांकडून लुबाडलेला होता, हेही विसरू नये. सरकारे सगळीकडे सारखीच.) पण निदान शेतकऱ्याची जमीन घेतली तर मोल दिले, आणि गुरे चारणाऱ्याला चोर ठरवले नाही.

आपल्याकडे उलटे. धनगराची मेंढरे दिसली की रखवालदार काठी घेऊन धावतो. आणि तेच खाते त्याच माळावर गिरिपुष्पाचे खड्डे खोदते. अहो, माळाला झाड नको असते! माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडे घालतो, धाविक आणि चंडोलही जमिनीवरच. त्यांना लांबवर नजर जायला पाहिजे. हे कोणत्याही मेंढक्याला ठाऊक आहे. लांडगा वर्षाला चार मेंढरे नेतो, तरी तो म्हणतो, त्याचाही वाटा असतो. जीपवाले मात्र चांगला फोटो मिळावा म्हणून वाट सोडून गवतात गाडी घालतात. चाकाखाली काय गेले ते त्यांना कळतही नाही.

खरे दुखणे आणखी खोल आहे. माळढोक आपल्या ज्वारी-बाजरीच्या, हुलग्या-मटकीच्या रानात टोळ आणि किडे वेचत जगला. ते रान गेले, ऊस आला. ऊस का आला? पाणी आले म्हणून, आणि ज्वारीने घर चालत नाही म्हणून. काळवीट कोवळी ज्वारी खाऊन गेले तर पंचनाम्यासाठी हेलपाटे, आणि उरलेली बाजारात नेली तर भाव नाही. मग कोण पेरणार कोरडवाहू? शहरातल्या निसर्गप्रेमींनी पक्ष्यासाठी मोर्चा काढावा, आम्ही सामील होऊ. पण एकदा ज्वारीच्या भावासाठीही काढून दाखवावा.

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडत आहोत. सफारीच्या तिकिटाचा निम्मा पैसा ग्रामसभेच्या खात्यात जावा. वाटाड्या गावचाच असावा. नर घालायच्या आधी मेंढपाळाला चराईचा पास मिळावा. पिकाची आणि जनावराची भरपाई महिन्याच्या आत मिळावी. गवताळ जमिनीचा 'पडीक' हा शेरा काढावा, म्हणजे उद्या तीच जमीन कारखान्याला देताना सरकारला दोनदा विचार करावा लागेल. आणि ज्या माळावर पक्षी पाहिजे, तिथल्या कोरडवाहू धान्याला खर्च भरून निघेल असा भाव द्यावा. ज्या गावाच्या शिवारात काळवीट किंवा लांडगा आहे, तिथल्या कार्यकर्त्यांनी गेल्या तीन वर्षांतल्या नुकसानीचे पंचनामे सोबत आणावेत.