चोरावर मोर

पोप अलेक्झांडर सहाव्याने मे १४९३ मध्ये अटलांटिक महासागरावर एक रेघ ओढली आणि तिच्या पश्चिमेचा मुलूख स्पेनच्या राजाराणीला बहाल केला. पुढच्या वर्षी तोर्देसियासच्या तहात पोर्तुगालने घासाघीस करून ती रेघ आणखी पश्चिमेला सरकवली. जगाची ही परस्पर वाटणी इंग्लंड, फ्रान्स आणि हॉलंड यांनी झुगारून दिली, हे शाळेच्या पुस्तकापासून चित्रपटांपर्यंत सगळीकडे कौतुकाने सांगितले जाते. या कथेत स्पेन क्रूर आणि धर्मवेडा, तर त्याचे प्रतिस्पर्धी व्यवहारी, मोकळ्या मनाचे आणि कायदा मानणारे. कथेचा पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा मात्र नाही. पोपचा कागद नाकारणाऱ्यांची तक्रार एवढीच होती की वाटणीत आपले नाव नाही, आणि त्या कागदाच्या जागी त्यांनी जो युक्तिवाद आणला तो मूळ रहिवाशांच्या जमिनीसाठी स्पेनच्या युक्तिवादाहून घातक ठरला.

आधी स्पेनचा कागद जवळून पाहू. १५१३ मध्ये पालासियोस रुबिओस या कायदेपंडिताने ‘रेकेरिमिएन्तो’ नावाची एक जाहीर सूचना लिहिली. देवाने जग निर्माण केले, सेंट पीटरला सर्वांवर नेमले, त्याच्या एका वारसाने हा प्रदेश आमच्या राजाला दिला. तेव्हा मुकाट्याने ते मान्य करा, नाहीतर आम्ही युद्ध करू, तुम्हाला बायकामुलांसह गुलाम करू, आणि त्यात जे मरतील त्यांचा दोष तुमच्याच माथी, असा तिचा आशय. हल्ल्यापूर्वी ती वाचून दाखवायची आणि वाचल्याची नोंद नोटरीने करायची, असा नियम. वाचन स्पॅनिशमध्ये, कधी माणसे पळून गेलेल्या ओस गावासमोर. आजच्या कोलंबियातील सेनू लोकांनी हा मजकूर दुभाष्याकडून समजून घेतल्यावर काय उत्तर दिले, हे एन्सिसो या स्पॅनिश अधिकाऱ्याने स्वतःच १५१९ च्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. देव एक आहे हे ठीक, पण दुसऱ्याची वस्तू परस्पर वाटून टाकणारा पोप दारू प्यालेला असावा आणि ती मागणारा राजा वेडा, असे ते म्हणाले. पाचशे वर्षांत या दाव्याचे याहून नेमके परीक्षण क्वचितच झाले असेल.

तरीही या ढोंगी कागदाने स्पेनला एका पेचात टाकले. समोरच्या माणसाला शरण येण्याची सूचना द्यायची, तर तो माणूस आहे, त्याची स्वतःची राज्यव्यवस्था आहे आणि तिथे आपल्याला हक्क सिद्ध करावा लागेल, हे आपोआप मान्य होते. त्याआधीच, १५११ मध्ये, सांतो दोमिंगोत मोंतेसिनोस या धर्मगुरूने मूळ रहिवाशांच्या छळाबद्दल वसाहतवाल्यांना त्यांच्याच चर्चमध्ये धारेवर धरले होते. १५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने सांगितले की पोप काही साऱ्या जगाचा मालक नाही, आणि त्या लोकांनी आपला शोध लावला असता तर त्यांना जेवढा हक्क मिळाला असता तेवढाच त्यांच्या शोधातून आपल्याला मिळतो. सम्राट चार्ल्स इतका चिडला की असल्या चर्चा बंद करा, असे पत्र त्याने व्हितोरियाच्या मठाला धाडले. तीनच वर्षांनी मात्र त्यालाच मूळ रहिवाशांची गुलामगिरी बंद करणारे ‘नवे कायदे’ काढावे लागले. ते लागू करायला गेलेल्या पेरूच्या व्हाइसरॉयला बंडखोर वसाहतवाल्यांनी १५४६ मध्ये ठार मारले.

इथे कोणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे, की कायदे कागदावरच राहिले. पोटोसीच्या चांदीच्या खाणीतली सक्तीची पाळी शतकानुशतके चालू राहिली, देवी-गोवराच्या साथींनी आणि राबवणुकीने गावेच्या गावे संपली. स्पेनला निर्दोष ठरवण्याचा इथे हेतू नाही. मुद्दा एवढाच की कागद असला म्हणजे निदान कोर्टात जाता येते. मेक्सिकोतील गावांनी वसाहतकाळात जमिनीचे असंख्य दावे लढवले आणि जुने दस्तऐवज पिढ्यान्‌पिढ्या जपले. १९०९ मध्ये आनेनेकुइल्को गावाने एमिलियानो झपाटा या तरुणाला पुढारी निवडले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी हे जुने कागद त्याच्या हवाली केले. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखाच त्या कागदांना गावाचा जीव बांधलेला होता.

आता प्रतिस्पर्धी. इंग्लंडच्या सातव्या हेन्रीने १४९६ मध्ये जॉन कॅबटला दिलेल्या सनदेत पोपचे नाव नाही, पण ख्रिस्ती लोकांना अज्ञात असलेली बिगरख्रिस्ती भूमी सापडेल तिथे आपला झेंडा रोव, असे म्हटले आहे. म्हणजे पोप वगळला, तत्त्व तेच ठेवले. जुलै १५३४ मध्ये जाक कार्तिएने कॅनडातील गास्पे इथे तीस फुटी क्रूस उभा केला आणि त्यावर फ्रान्सच्या राजाचा जयजयकार कोरला. डोनाकोना हा तिथला प्रमुख होडीतून आला, क्रूसाकडे बोट दाखवून मग सगळ्या मुलखाकडे हात फिरवत बराच वेळ बोलला. ही भूमी आमची आहे, आम्हाला न विचारता हे का उभारले, असेच तो म्हणत असावा, हे कार्तिएच्या वृत्तांतातच आहे. कार्तिएने खुणांनी सांगितले की ही फक्त बंदर ओळखण्याची खूण, आणि डोनाकोनाचे दोन मुलगे जहाजावर घेऊन फ्रान्स गाठले. दोन वर्षांनी खुद्द डोनाकोनालाही पळवून नेले. तो फ्रान्समध्येच मेला.

इंग्रजांनी पुढे ‘प्रत्यक्ष ताबा’ हा निकष आणला. ऐकायला तो पोपच्या रेघेपेक्षा शहाणपणाचा वाटतो. पण ताबा म्हणजे काय, हे ठरवायचे कोणी? मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याचे म्हणणे असे की इथले लोक जमिनीला कुंपण घालत नाहीत, गुरे पाळत नाहीत, म्हणून त्यांचा तिच्यावर कायदेशीर हक्क नाही. १६२० मध्ये प्लिमथला उतरलेल्यांनी वस्ती केली ती साथीत उजाड झालेल्या पाटक्सेट गावात, आधीच साफ केलेल्या शेतांवर, आणि मक्याची शेती ते तिथल्याच माणसाकडून शिकले. स्पेनच्या युक्तिवादाला प्रजा हवी होती. या युक्तिवादाला जमीन रिकामी हवी होती. आणि स्पेनच्या क्रौर्याबद्दलची इंग्रजांची हळहळही वेळ साधून येई. स्पॅनिश धर्मगुरू लास कासासने आपल्याच देशबांधवांविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकाचा एक इंग्रजी अनुवाद १६५६ मध्ये इंग्लंडचा सत्ताधीश क्रॉमवेल याला अर्पण झाला. आदल्याच वर्षी त्याच्या सैन्याने स्पेनकडून जमैका घेतले होते.

सर्वांत जोरदार आक्षेप असा, की इंग्रज आणि डच यांनी जमिनी विकत घेतल्या, तह केले. खरेदी म्हणजे मालकीची कबुलीच. खरे आहे, आणि काही व्यवहार प्रामाणिकही असतील. पण ही खरेदीखते दुसऱ्या युरोपीय सत्तेच्या तोंडावर मारायलाही उपयोगी पडत. डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने १६०९ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध ठणकावले की पूर्वेकडच्या देशांना स्वतःचे राजे आणि कायदे आहेत, पोपच्या देणगीने किंवा शोधाने तिथे हक्क मिळत नाही. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज शंभर वर्षे ठाण मांडून होते. तत्त्व बिनतोड होते, पण त्याचा वापर डच ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार मोकळा करण्यासाठी झाला. त्याच कंपनीने पुढे जावा आणि मोलुक्कात काय केले हे जगजाहीर आहे.

खरेदीची खरी किंमत १८२३ मध्ये कळली. जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश खटल्यात पियानकेशॉ लोकांकडून थेट केलेली जमीनखरेदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली. सरन्यायाधीश मार्शल यांनी कॅबटच्या सनदेचा दाखला देत सांगितले की पूर्ण मालकी शोध लावणाऱ्या राष्ट्राची, मूळ रहिवाशांकडे फक्त वहिवाट. राजेशाही उलथवून टाकलेल्या प्रजासत्ताकाने राजाची सनद तेवढी जपून ठेवली. जुने उगाळून काय फायदा, असे म्हणणाऱ्यांनी याच न्यायालयाचा २००५ चा ओनायडा जमातीविरुद्धचा निकाल पाहावा; त्याच्या पहिल्याच तळटीपेत या ‘शोधाच्या सिद्धांता’चा उल्लेख आहे. मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने हा सिद्धांत अधिकृतपणे अमान्य केला. वॉशिंग्टनमधील सर्वोच्च न्यायालयाने १८२३ चा निकाल अजून रद्द केलेला नाही.