डॉक्टर, आमचं काम विचारा



परवा आमच्या गिरणीच्या सायकल शेडमध्ये मेडिकल कॉलेजची पोरं आली. पांढरे कोट, गळ्यात नळ्या, मागं बॅनर: ‘कामगार स्वास्थ्य व अपघात प्रतिबंध शिबिर’. बी.पी. मोजला, वजन केलं, साखर बघितली. मग मॅडमनं अर्धा तास भाषण दिलं. बिडी सोडा, तंबाखू सोडा, सकाळी उठून प्राणायाम करा, मशीनवर निष्काळजीपणा करू नका. शेवटी केळं आन् बिस्किटाचा पुडा.

कार्डिंगखात्यातला आमचा एक म्हातारा (म्हातारा म्हणजे पन्नाशीचा, आमच्यात तेवढं पुरतं) रांगेत होता. पोरानं विचारलं, बाबा, काय त्रास? छाती आवळते. कधीपासून? लई वर्सं झाली. बिडी ओढता? ओढायचो. झालं. पोरानं लिहिलं: दमा, धूम्रपान. पुढचा या.

बाबा, काम काय करता, हे त्यानं विचारलं नाही. गिरणीच्या आवारात बसून विचारलं नाही! म्हाताऱ्याच्या भुवयांवर, कानांच्या केसांवर कापसाचं तूस बसलेलं, ते त्याला दिसलं नाही. वर प्राणायाम सांगितला. म्हणजे तीच हवा अजून खोल ओढायची.

मी त्या पोरावर चिडलो नाही. वीस वर्षांचं पोर, शिकवलं ते बोललं. माझं भांडण त्याला शिकवणाऱ्यांशी आहे.

म्हाताऱ्याला काय झालंय ते मी सांगतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, दुसऱ्या दिवशी जरा सैल. माणूस म्हणतो, सवय झाली. मग ती आठवडाभर आवळते, मग सुट्टीतही, मग एक दिवस जिना चढवत नाही. याचं नाव बिसिनोसिस. गाठ फोडायची, कापूस पिंजायचा, तिथं म्हणजे ब्लोरूम आणि कार्डिंगला धूळ सगळ्यात जास्त. त्या धुळीत बोंडाचा, पानाचा चुरा आणि जिवाणूंचं विष असतं. इंग्लंडात लँकेशरच्या गिरण्यांत शिलिंग नावाच्या डॉक्टरनं १९५० नंतर याच्या पायऱ्या ठरवल्या. कशावरून? सोमवारी छाती कशी असते, या प्रश्नावरून. एक्सरेत याचं खास चित्र येत नाही. विचारलं तरच कळतं.

आणि लिहिलं तरच पैसे मिळतात. १९४८ च्या ई.एस.आय. कायद्यात पुढं असे रोग कामावरच्या इजेइतकेच धरले गेले, यादीत बिसिनोसिस नावानिशी आला. पण केसपेपरवर ‘दमा, धूम्रपान’ लिहिलं की मालक सुटला. धूळ ओढणारी यंत्रं बसवायचा त्याचा खर्चही वाचला. आम्हाला देतात फडक्याचा तुकडा, आणि त्याला मास्क म्हणतात. बोट गेलं तर निष्काळजीपणा, फुप्फुस गेलं तर बिडी.

हे कुणाला माहीत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. केईएम हॉस्पिटल आणि त्याचं कॉलेज १९२६ साली उभं राहिलं ते परळात, गिरण्यांच्या भोंग्याखाली. तिथल्याच डॉ. एस. आर. कामतांनी गिरणी कामगारांच्या छात्या तपासल्या, लिहून ठेवलं. १९९५ साली मुंबईच्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवर डॉक्टरांच्या मासिकात निबंध आला. एकेक भला माणूस शोधतो, लिहितो. मग त्याचा कागद कपाटात जातो आणि पोरं परीक्षेपुरती व्याख्या पाठ करतात.

तीनशे वर्षांमागं इटलीत रामाझिनी नावाचा प्राध्यापक होता. त्याच्या घरचा संडासाचा खड्डा उपसायला एक माणूस आला. तो जिवाच्या आकांतानं भराभर काम करत होता. रामाझिनीनं विचारलं, एवढी घाई का? तो म्हणाला, इथं जास्त वेळ राहिलो तर आंधळा होईन. प्राध्यापकानं त्याचे डोळे बघितले, तर लालभडक. तिथून त्याचं डोकं फिरलं. १७०० साली त्यानं कामकऱ्यांच्या रोगांवर पुस्तक काढलं आणि डॉक्टरांना बजावलं की रोग्याला त्याचा धंदा विचारा. हे सगळं शास्त्र एका भंगीकाम करणाऱ्याच्या तोंडून सुरू झालंय, दोस्तांनो. आमच्याकडं २०१३ चा कायदा आहे, सुप्रीम कोर्टानं २०२३ साली गटारातल्या मरणाची भरपाई तीस लाख केली. मेल्यावरचा भाव ठरला. जिवंतपणी त्याचे डोळे कोण बघतो?

आमच्या आज्यांचं ऐका. मागखात्यात तुटलेला धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याची थुंकी लागेल म्हणून त्या चांगल्या पगाराच्या खात्यात त्यांना बंदी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लाल पुढाऱ्यांपुढं टाकला. आता गंमत बघा. तोच तोंडानं ओढायचा धोटा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं १९११ साली कायद्यानं बंद केला, कारण एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाते आणि रोग पसरतो. तिथं त्यांना रोग दिसला. इथं विटाळ दिसला. हेच डोळे पुढं कोट घालून वॉर्डात आले.

आणि देह मात्र आमचा चालतो. १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्यानं बेवारस प्रेत मेडिकल कॉलेजला देता येतं. फुटपाथवर बेवारस कोण मरतं, ते मी सांगायला नको. मेलेल्यावर सुरी शिकायची, जित्यावर सुई शिकायची, आणि विचारायचं काहीच नाही.

आपली पोरं डॉक्टर झाली की बदलेल, म्हणता? होय, पण त्यांना आत जगू तर द्या. २२ मे २०१९ ला नायर हॉस्पिटलात शिकणाऱ्या आदिवासी पायल तडवीनं जीव दिला. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळलं, असा घरच्यांचा आरोप, खटला उभा राहिला. कॉलेजं अशा वेळी काय देतात? समुपदेशन. योगा. २०२२ साली वैद्यक आयोगानं दहा दिवसांचा योग सांगितलाच होता. २०२४ साली आयोगाच्याच कृतिदलानं शिफारस केली की निवासी डॉक्टरला आठवड्याला ७४ तासांवर राबवू नये. चौऱ्याहत्तर! कारखान्यात ४८ तासांचा कायदा १९४६ साली झाला, बाबासाहेब मजूरमंत्री असताना. म्हणजे त्या पांढऱ्या कोटातल्या पोराचीही कुणी पाळी मोजत नाही. त्यालाही खोल श्वास घे म्हणतात. म्हणून म्हटलं, भांडण त्याच्याशी नाही.

केसपेपरवर नाव, वय, जात-धर्माला जागा सापडते. तिथं कामाची ओळ छापा: कुठलं खातं, किती वर्षं, सुट्टीत कसं वाटतं. आणि डिग्री द्यायच्या आधी प्रत्येक पोराला एक अख्खी पाळी ब्लोरूममध्ये उभा करा, फडक्याच्या मास्कसकट.

पुढच्या महिन्यात शिबिर परत आहे. मी ब्लोरूम आणि कार्डिंगच्या माणसांची यादी करायला घेतलीय, सव्वीस झाले. म्हाताऱ्याचं नाव पहिलं आहे. बी.पी.चा पट्टा बांधायच्या आधी हा कागद टेबलावर ठेवणार. रातपाळीवाल्यांची नावं राहिलीत. ज्यांना लिहिता येतं त्यांनी रविवारी विहारात या, वही घेऊन.