शिडाची होडी, विजेची मोटर आणि मालकीचा प्रश्न

पोलादपूरच्या खडकांतून धावत येणारी सावित्री महाडच्या खाली भरतीचे पाणी अंगावर घेते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. एके काळी याच खाडीतून गलबते मालाची ने-आण करीत. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहासाठी निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीनेच दासगावला उतरले आणि तेथून महाडला गेले. पुढे रस्ते आले, खाडी गाळाने भरत गेली आणि शीड मागे पडले.

आज लहान शिडाच्या होडीला बॅटरीवरची मोटर बसविता येते. हा श्रीमंतांच्या हौसेचा विषय आहे, असे समजून कार्यकर्त्यांनी तो सोडून देऊ नये. होडीचा वेग निम्मा केला, तर लागणारी शक्ती सुमारे एक-अष्टमांशावर येते. शीड कायम ठेवले, तर मोटर वारा पडल्यावर आणि ओहोटीच्या विरुद्ध जातानाच लागेल. अर्थात, वजनाच्या मानाने डिझेलइतकी ऊर्जा बॅटरीत मावत नाही. म्हणून खोल समुद्रातील मासेमारीला हा उपाय आज पुरणार नाही. खाडीतल्या जवळच्या फेऱ्यांना मात्र पुरेल. केरळात वायकोम येथे २०१७ पासून सरकारी जलवाहतूक खात्याने पंचाहत्तर उतारूंची 'आदित्य' ही सौरबोट चालवून दाखविली आहे.

परंतु खरा प्रश्न यंत्राचा नाही, मालकीचा आहे. स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावर डिझेल इंजिन आले, तेव्हा ज्याच्याजवळ भांडवल होते तो ट्रॉलरचा मालक झाला. शिडाच्या होडीचा धनी अनेकदा दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी झाला. विजेच्या मोटरीत चालविण्याचा खर्च थोडा, पण बॅटरीची किंमत आरंभीच मोजावी लागते. सावकाराची पकड बसते ती नेमकी येथेच.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. बॅटऱ्या आणि भरणकेंद्र सहकारी संस्थेच्या मालकीचे असावे. होडीवाल्याने वापरापुरते मोल द्यावे. हे केंद्र जुलै २०२१ च्या महापुराच्या पातळीहून उंचावर हवे. दुरुस्तीचे शिक्षण महाड-पोलादपूरच्या तरुणांना मिळावे, म्हणजे निदान काहींची तरी मुंबईची वाट चुकेल. यांत्रिक नौकांना राज्य सरकार डिझेलवरील कराचा परतावा देते. मग डिझेल न जाळणाऱ्यालाही त्याच न्यायाने बॅटरीसाठी साहाय्य मिळाले पाहिजे.

पाणी कोणाचे, हा प्रश्न महाडने साऱ्या देशाला विचारला होता. त्या पाण्यावर चालणारे यंत्र कोणाचे, हे विचारण्याची जबाबदारी आता आपली आहे.