पेढीचा हिशेब आणि मुलांचा हिशेब

दिवाळीस आपल्या पेढ्यांवर नव्या वहीचे पूजन होते. गल्ल्यातील शिल्लक रोजकीर्दीशी जुळल्यावाचून दुकान बंद करावयाचे नाही, ही आपल्या वडिलांची शिकवण. परंतु त्याच घरातील मुलगा वा मुलगी उचगावाहून बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याच्या महाविद्यालयात जाऊ लागली म्हणजे आपण त्यांच्या हाती काय देतो? फीची रक्कम, नवे कपडे आणि ‘कमी पडले तर कळव’ हे आश्वासन. हिशेबाची वही मात्र देत नाही. व्यापारी समाजास ही गोष्ट शोभणारी नाही, असे माझे नम्र मत आहे.

अनोळखी गिऱ्हाइकास माल उधार देताना आपण दहा वेळा विचार करतो. अठरा वर्षांच्या मुलास मात्र महिन्याचा सारा पैसा एकरकमी देऊन मोकळे होतो. २०१६ साली यूपीआय आल्यापासून तर नोट मोडताना मनास बसणारा चटकाही नाहीसा झाला. रोज चहा-फराळावर ६० रुपये गेले तर महिन्यास १,८०० व दहा महिन्यांत १८,००० रुपये होतात, हा साधा गुणाकारही कोणी करून दाखविलेला नसतो. पंधरवड्यात हात रिकामा झाला की वडिलांना सांगण्याची लाज वाटते. मग मित्रांची उसनवारी, आणि त्याहून वाईट म्हणजे मोबाईलवर मिनिटांत मिळणारे जबर व्याजाचे कर्ज. पैशाचा तोटा भरून काढता येतो. घरापासून लपविण्याची सवय लागली तर तो तोटा भरून येत नाही.

अभ्यासाचेही तसेच. शाळेत गुरुजी आणि घरी आई अभ्यास करवून घेत. महाविद्यालयात विचारणारे कोणी नसते. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय व धर्मोपदेश. म्हणजे वाचणे, शंका विचारणे, मनन करणे, शुद्ध पाठ करणे आणि दुसऱ्यास समजावून सांगणे. धर्मग्रंथांसाठी सांगितलेली ही रीत रसायनशास्त्राच्या वा वाणिज्याच्या विद्यार्थ्यासही तितकीच उपयोगी आहे. आपली बहुतेक मुले वाचन व पाठांतर यांवरच थांबतात. तद्वतच परिग्रह-परिमाण हे अणुव्रत म्हणजे आपल्या गरजेची मर्यादा आपणच आधी ठरविणे होय. महिन्याचे अंदाजपत्रक तरी याहून निराळे काय असते?

आपल्या भागास हा विचार नवा नाही. १८९९ साली निपाणीजवळील स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि पुढे कोल्हापूर, सांगली, बेळगाव येथे विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे निघाली. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली व ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. स्वतःच्या श्रमाने मिळविलेला पैसा विद्यार्थी विचारानेच खर्च करतो, हे त्यामागील मर्म आहे.

काही बंधू म्हणतील, ‘आम्ही मिळवितो ते मुलांसाठीच, त्यांना कंजूष कशाला करावे?’ परंतु हिशेब म्हणजे कंजूषपणा नव्हे. ज्यास आपली शिल्लक ठाऊक असते, तोच निःशंक मनाने दानही करू शकतो.

म्हणून संघास सूचना अशी की, दरवर्षी महाविद्यालये सुरू होण्यापूर्वी दोन दिवसांचा वर्ग भरवावा. एक दिवस अनुभवी मुनीमांनी जमाखर्च, व्याज व कर्ज यांची माहिती द्यावी. दुसऱ्या दिवशी आपल्यातीलच पदवीधरांनी टिपणे कशी काढावी, वेळापत्रक कसे पाळावे, प्राध्यापकांस शंका कशी विचारावी, हे सांगावे. वर्ग मुलींसाठी व इतर समाजांच्या मुलांसाठीही खुला असावा. घरी पालकांनी पैसे आठवड्याच्या हप्त्याने द्यावेत आणि महिन्यातून एकदा वही पाहावी. खर्च चुकला असेल तर रागावू नये; खोटी नोंद मात्र खपवून घेऊ नये.

येत्या दिवाळीस पूजेच्या पाटावर पेढीच्या वहीशेजारी मुलांचीही एक वही असावी, एवढीच विनंती.